ईसीएम बदलण्याआधी एक बल्ब लावून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप, कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल फवारणारं) इंजिन. घर तिच्यावरच चालतं. गेले दोन महिने गाडी चालता चालता बंद पडते. खराब रस्त्यावर जास्त, आणि इंजिन चांगलं तापलेलं असताना हमखास. बंद पडली की सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काहीही न करता चालू होते. त्या दहा-पंधरा मिनिटांत चावी ऑन केली तर चेक लाइट लागतच नाही, आणि दोष वाचणारा स्कॅनर एबीएसशी, म्हणजे ब्रेकच्या कॉम्प्युटरशी, बोलतो पण इंजिनशी बोलत नाही. एरवी गाडी चालू असताना एबीएसमध्ये यू ०१०० आणि इंजिनमध्ये अधूनमधून पी ०६४१ हे कोड सापडतात. बॅटरी, क्रँक सेन्सर आणि डिझेल फिल्टर बदलून झाले. आता मेकॅनिकनं सांगितलंय, ‘ईसीएम गेला,’ म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा ईसीएम मिळतोय. विकणारा म्हणतो, कपलर (वायरींचा प्लग) लावा आणि चालवा. पण माल परत घेणार नाही, आणि उत्तर याच आठवड्यात हवं. तो घ्यावा, असलेला दुरुस्त करावा, की गाडीच विकून मोकळं व्हावं? पत्रात जाता जाता असंही आहे की त्रास सुरू होण्याच्या थोडं आधी हौद्याच्या रेलिंगला वेल्डिंग करून घेतलं होतं आणि पुढे दोन जादा लाइट बसवले होते.

उत्तर:

तो ईसीएम या आठवड्यात घेऊ नका. तुमचा ईसीएम ठणठणीत आहे असं माझं म्हणणं नाही, तो खरंच गेलेला असू शकतो. पण तुमच्या पत्रात तो गेल्याचा एकही पुरावा नाही, आणि त्याला करंट किंवा अर्थ (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळत नसल्याच्या खुणा मात्र जागोजागी आहेत. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या करायला एक मल्टिमीटर, एक २१ वॅटचा बल्ब, गाडीचं वायरिंग डायग्रॅम आणि अर्धा दिवस पुरतो.

आधी तुमच्या हिशोबाबद्दल. बॅटरी बदलली, सेन्सर बदलला, फिल्टर बदलला, फरक पडला नाही, म्हणून आता ईसीएमच उरला, असा तो हिशोब आहे. पण उरलं बरंच काही आहे. ईसीएमला करंट देणारे फ्यूज, मेन रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच), त्याचा सॉकेट, चार-पाच अर्थच्या वायरी, त्या चासीला जिथे बोल्टनं धरल्यात ते ठिकाण, इंजिनवरून घासत जाणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. यातलं काहीच अजून कुणी मोजलेलं दिसत नाही. एकेक भाग बदलत गेल्यानं तो भाग निर्दोष होता एवढंच कळतं, दोष कुठे आहे ते कळत नाही. तुमच्या मेकॅनिकची नियत वाईट आहे असं मला वाटत नाही. स्कॅनर इंजिनशी बोलत नाही हे पाहून पुष्कळ जण ईसीएमवर बोट ठेवतात. त्यांना वाद न घालता एवढंच विचारा, ‘गाडी बंद असताना ईसीएमच्या कोणत्या पिनवर किती व्होल्ट मिळाले?’ उत्तरात आकडा आला तर त्यांचं निदान ऐकण्यासारखं आहे.

स्कॅनर बोलत नाही याचा अर्थ ईसीएम मेला असा होत नाही. फोनची बॅटरी उतरली की तो लागत नाही, म्हणून आपण फोन टाकून देत नाही. एबीएसमधला यू ०१०० सुद्धा तेवढंच सांगतो की इंजिनचा ईसीएम उत्तर द्यायचा थांबला. का थांबला ते त्याला ठाऊक नसतं. चेक लाइटची गोष्ट जास्त बोलकी आहे. चावी ऑन केल्यावर ही लाइट काही सेकंद लागायलाच हवी. ती लागलीच नाही, सेल्फ मात्र जोरात फिरतोय आणि डॅशबोर्डवरच्या बाकी लाइट लागतायत, याचा सरळ अर्थ असा की त्या क्षणी ईसीएम जागाच नाही. तो आतून बिघडल्यानं झोपला की बाहेरून त्याचा करंट तुटल्यानं, हा खरा प्रश्न आहे. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडणं आणि तापल्यावर बंद पडणं या दोन्ही सवयी सैल जोडाच्याही असतात आणि तडकलेल्या सोल्डरच्याही. नुसत्या लक्षणांवरून निवाडा होणार नाही.

आता मोजमाप. नवी बॅटरी टाकली म्हणून तो भाग संपला असं समजू नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मग मीटर एसी रेंजवर लावून इंजिन चालू असताना बॅटरीवरच बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि अशा घाणेरड्या करंटनं ईसीएम वेड्यासारखा वागू शकतो. हे पाच मिनिटांचं काम आहे, पुढे चला.

पुढचं काम मेन रिलेचं. अनेक कॉमन रेल गाड्यांत चावी ऑन झाली की ईसीएम स्वतःच मेन रिलेच्या कॉइलला अर्थ देतो, रिले टक करतो, आणि त्या रिलेतून ईसीएमला मुख्य करंट येतो. रिलेचे पॉइंट काळे पडले असतील किंवा सॉकेटमधली पिन पसरली असेल, तर एका हादऱ्यात सगळा ईसीएम अंधारात जातो. रिले काढून सॉकेटच्या पिना टॉर्चच्या उजेडात बघा. एखाद्या पिनेच्या भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, किंचित वितळून फुगलं असेल, तर ती पिन महिनोन्‌महिने गरम होत होती. तेवढ्यासाठी माणसं ईसीएम बदलतात. रिले तात्पुरता त्याच क्षमतेच्या आणि त्याच पिनांच्या चांगल्या रिलेशी अदलाबदल करून बघायला काहीच खर्च नाही.

इथे एक फसगत हमखास होते, ती सांगून ठेवतो. ईसीएमचा कपलर काढून चावी ऑन केली आणि मुख्य करंटच्या पिनवर मीटर लावला, तर तिथे शून्य दिसतं. लगेच ‘वायर तुटलीय’ असा निष्कर्ष निघतो. पण कपलर काढल्यामुळे रिलेला अर्थ देणाराच बाजूला झालाय, रिले ओढला कसा जाईल? अशा गाडीत रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या दोन पिना फ्यूज असलेल्या तुकड्यानं जोडा आणि मग मोजा.

आणि मोजताना नुसता मीटर नको. मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की वायरची एकच तार शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. गाडी चालवायला लागणारा करंट त्या एका तारेतून जात नाही. म्हणून बल्ब. २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. कपलर काढलेला असताना ईसीएमच्या करंटच्या प्रत्येक पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तो लावा. मग बॅटरीच्या प्लसपासून अर्थच्या प्रत्येक पिनपर्यंत लावा. प्रत्येक वेळी तो थेट बॅटरीवर लावल्याइतकाच लख्ख पेटला पाहिजे. पिवळट पेटला, हार्नेस हलवताना लुकलुकला, तर तुमचा चोर सापडला. डायग्रॅम बघून पिना नक्की करा, कारण हा बल्ब सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीवर चुकूनही लावायचा नाही. इंजेक्टरच्या वायरीवर तर मुळीच नाही. कॉमन रेलमध्ये ईसीएम इंजेक्टर उघडायला व्होल्टेज वाढवून ५० ते १००च्या घरात नेतो, पायझो इंजेक्टर असले तर त्याहूनही वर. इंजिन चालू असताना तिथे हात घातला तर जोराचा झटका बसतो.

कपलरच्या पिनेत मीटरची जाड सुई कधीही खुपसू नका. बाईपिन एकदा पसरली की पकड जाते, आणि आधी नसलेला दोष आपण स्वतः तयार करतो. मागच्या बाजूनं, वायरीच्या कडेनं बारीक पिन सरकवून माप घ्यायचं. पकड तपासायची तर त्याच मापाची सुटी नरपिन घालून ओढून बघा. हलकीशी अडायला हवी. सहज निसटली तर ती पिन बदला.

अर्थ हा पिकअपमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. चिखल, पाणी, हौद्यातून गळणारं काहीबाही, सगळं चासीवर उतरतं, आणि बोल्टखाली गंज चढतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट, ब्लोअर, सगळं लावा. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या पिनेला मागून. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. तसंच प्लसच्या बाजूनं, बॅटरीच्या प्लसपासून ईसीएमच्या करंट पिनेपर्यंत ०.३च्या आत. अर्थवर अर्धा व्होल्ट दिसत असेल तर बोल्ट नुसता आवळू नका. तो काढा, गोल टर्मिनल आणि चासी दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, मग बसवा आणि वरून गंजरोधक लावा. इंजिन ते चासी जाणारी जाड पट्टीही त्याच वेळी बघा. ती तुटली की सेल्फचा करंट परतीची वाट शोधत बारीक वायरींतून जातो आणि त्या भाजून काढतो.

इथेच तुमचं वेल्डिंग येतं. तुम्ही ते एका वाक्यात सांगून सोडून दिलंत, पण माझ्या मते पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. वेल्डिंगच्या वेळी अर्थचा चिमटा कामाच्या ठिकाणापासून लांब लावला असेल आणि बॅटरी जोडलेली असेल, तर शेकडो अँपिअर करंट चासीतून, गंजलेल्या जोडांतून, मिळेल त्या वायरीतून परत जातो. त्यात अर्थचे जोड जळतात आणि ईसीएमही मरू शकतो. वेल्डिंग झालं ती जागा आणि तिच्या आसपासचे सगळे अर्थ पॉइंट आधी उघडून बघा. ठिणग्या हार्नेसवर पडून नळी वितळलीय का, तेही. पुढच्या वेळी बॅटरीचं मायनस काढायचं, ईसीएमचे कपलर सोडवायचे आणि चिमटा वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावायचा. जादा लाइटची वायर कुठून घेतलीय तेही तपासा. ती ईसीएमच्या फ्यूजवरून किंवा अर्थवरून घेतली असेल तर आजच वेगळी करा, बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले टाकून.

आता पी ०६४१. सेन्सरना लागणारे ५ व्होल्ट ईसीएम स्वतः बनवतो आणि एकेका लायनीवर दोन-चार सेन्सर टांगलेले असतात. त्या लायनीत गडबड झाली की हा कोड येतो. चावी ऑन ठेवून सेन्सरच्या कपलरवर ४.९ ते ५.१ व्होल्ट यायला हवेत. एक-दोन व्होल्टच येत असतील तर त्या लायनीवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही येत नसतील तर वायर कुठेतरी चासीला घासून उघडी पडलीय का ते शोधा: बॅटरी बॉक्सखाली, इंजिनच्या मागच्या बाजूला, बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरात, आणि उंदरांनी कुरतडलंय का तेही. ही लायन पूर्ण शॉर्ट झाली तर काही गाड्यांत ईसीएम गप्पच होतो, स्कॅनरलाही उत्तर देत नाही. म्हणजे एक खराब सेन्सर ‘मेलेल्या ईसीएम’चं सोंग घेऊ शकतो. तुमच्या गाडीत हा कोड अधूनमधून येतो, त्यामुळे ही शक्यता मी करंट-अर्थच्या खालोखाल ठेवीन.

कॅन लायन, म्हणजे ईसीएम, एबीएस हे डबे एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, चटकन तपासता येते. बॅटरी काढून स्कॅनरच्या पोर्टमधल्या ६ आणि १४ या पिनांमध्ये ओम मोजा. ६० ओम आले तर दोन्ही टोकांचे १२० ओमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. गाडीत मध्ये गेटवे (पोर्ट आणि इंजिनची लायन यांच्यामधला डबा) असेल तर हे माप पोर्टवर इंजिनच्या लायनीचं मिळत नाही, तेव्हा डायग्रॅम बघूनच पुढे जा.

हे सगळं गाडी शहाण्यासारखी चालत असताना मोजलं तर सगळं ठीकच येईल, अशी शंका तुम्हाला आली असेल. ती बरोबर आहे. कधीमधी येणारा दोष तो आलेला असतानाच पकडावा लागतो. त्यासाठी मेन रिलेनंतर ईसीएमकडे जाणाऱ्या वायरीला, दोन अँपिअरच्या फ्यूजमधून, एक ५ वॅटचा बल्ब जोडा. त्याचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला, आणि बल्ब केबिनमध्ये डोळ्यांसमोर. शेजारी मल्टिमीटर, ईसीएमचा अर्थ ते बॅटरी मायनस, कमाल-किमान नोंद ठेवणाऱ्या मोडवर. गाडी रिकामी, सोबत एक माणूस, आणि जिथे ती बंद पडते तसला रस्ता. इंजिन बंद पडलं त्या क्षणी बल्ब विझला आणि मीटर शून्याजवळच राहिला तर आधी करंटची बाजू बघा; पण ज्या गाडीत ईसीएमच मेन रिले ओढतो, तिथे ईसीएम झोपल्यानंही रिले सुटून बल्ब विझतो, तेव्हा एवढ्यावर निवाडा करू नका. बल्ब पेटता असो की विझलेला, मीटर ०.०५वरून एकदम काही व्होल्टवर गेला तर अर्थ. बल्ब लख्ख, अर्थ शून्याजवळ, सगळ्या सेन्सरचे कपलर काढूनही ५ व्होल्ट नाहीत, त्या लायनीची वायर कुठे घासलेली नाही, कॅन लायन ठीक, आणि तरीही ईसीएम मुका, तर मात्र ईसीएम गेला असं मीही म्हणेन.

दोष सापडेपर्यंत या गाडीत माल भरून उतारावर जाऊ नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं, आणि स्टिअरिंगही जड होतं. तुमची रोजची खेप बुडते हे समजतं, तरी हे सांगायलाच हवं.

ईसीएमवर संशय पक्का झाला तर अजून एक चाचणी करता येते. हार्नेस आणि कपलर आधी पट्टीनं बांधून अचल करा, नाहीतर ठोकताना तेच हलतील आणि दोष ईसीएमच्या नावावर जाईल. इंजिन आयडलवर ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ईसीएमच्या डब्यावर हलके टक-टक करा. मग साधा हेअर ड्रायर धरून तो हाताला गरम लागेल एवढा तापवा. डबा तापला की बंद, थंड झाला की चालू, असं दोन-तीनदा ठरल्याप्रमाणे झालं तर आत सोल्डर तडकलंय. कपलर काढून आतही डोकवा. हिरवी पूड किंवा ओलावा दिसला तर पाणी कुठून आलं ते शोधा. बऱ्याचदा ते झाकणातून येत नाही. लांबच्या एखाद्या सेन्सरच्या फाटक्या सीलमधून शिरतं आणि वायरीच्या आतल्या तारांमधून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं, ईसीएमपर्यंत पोहोचतं. ते भोक बुजवलं नाही तर नवा ईसीएमही भिजेल.

कोडबद्दल एक सूचना, इतर वाचकांनाही उपयोगी. पी ०६०१, ०६०४, ०६०५, ०६०६ हे ईसीएमच्या आतल्या मेमरीबद्दल किंवा प्रोसेसरबद्दल असतात, पण पडलेल्या व्होल्टेजनंही ते येऊ शकतात. पी ०६०३ तर नुसती बॅटरी काढून लावली तरी काही गाड्यांत येतो. करंट-अर्थ दुरुस्त करून, कोड पुसून, पुन्हा आले तरच त्यांना गांभीर्यानं घ्या.

समजा, ईसीएम खरंच गेलाय. मग पुढचा प्रश्न: कशानं गेला? हे न शोधता दुसरा बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो, कधी चावी फिरवताच. ईसीएम ज्याला चालवतो ती प्रत्येक वस्तू कपलरच्या बाजूनं मोजा. रिलेची कॉइल साधारण ७० ते १०० ओम. रेल प्रेशरचा व्हॉल्व्ह, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा सोलेनॉइड, यांचं माप गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि प्रत्येकाची चासीशी गळती नाही ना तेही. इंजेक्टर एकमेकांशी ताडा. चारपैकी एक वेगळा निघाला तर तोच गुन्हेगार. ज्यांची गाडी पेट्रोलची आहे त्यांच्याकडे बहुतेक इंजेक्टर १२ ते १६ ओमचे असतात, आणि ईसीएमचा ड्रायव्हर (या वस्तूंना करंट देणारा त्याच्या आतला भाग) जाळण्यात शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल आघाडीवर असते. तुमच्या बाबतीत अर्थचे जोड आणि वेल्डिंग हे पहिले संशयित.

आता तुमचे पर्याय. असलेला ईसीएम दुरुस्त करणं मी सर्वांत वर ठेवीन, जर तो पूर्ण जळलेला किंवा पाण्यानं कुजलेला नसेल. कारण त्यात तुमच्या गाडीची सगळी ओळख आहे: इमोबिलायझरची (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) जोडी, इंजेक्टरचे कोड, चासी नंबर. ड्रायव्हर बदलणं, सोल्डर पुन्हा करणं ही कामं होतात. दुरुस्त करणाऱ्याकडे बेंचवर चालवून, तापवून बघायची सोय आहे का, हे मात्र आधी विचारा. डबा घरी उघडू नका. आत जेल आणि केसाहून बारीक तारा असतात.

भंगारातून काढलेला ईसीएम ‘लावा आणि चालवा’ नसतो. तुमच्या गाडीला इमोबिलायझर असेल, तर परका ईसीएम तुमची चावी ओळखणार नाही. गाडी चालूच होणार नाही किंवा दोन सेकंदांत बंद होईल. मॉडेल एकच असलं तरी लेबलवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळले पाहिजेत. एकाच इंजिनाची टर्बो, गिअर, धुराचे नियम यांप्रमाणे वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात. हार्डवेअर जुळत असेल आणि तुमच्या जुन्यातून डेटा वाचता येत असेल, तर सगळा डेटा त्यात उतरवून क्लोन करता येतो आणि मग तो खरंच लावून चालवता येतो. म्हणून विकणाऱ्याकडे लेबलचा स्पष्ट फोटो मागा आणि तो क्लोन करणाऱ्याला दाखवा. शिवाय ती गाडी अपघातात गेलीय. धक्का किंवा पाणी त्या डब्यालाही लागलं असेल. तपासून घेण्याची मुभा नसेल तर सोडून द्या.

नवा ईसीएम कोरा असतो. तो गाडीच्या चासी नंबरप्रमाणे प्रोग्रॅम करावा लागतो, आणि तो झाला नाही तर पी ०६०२ दाखवत बसतो. खर्च सर्वांत जास्त, शंका सर्वांत कमी.

बसवताना चावी काढल्या काढल्या बॅटरीला हात लावू नका. ईसीएम बंद झाल्यावरही काही काळ जागा राहून मेमरी लिहीत असतो. मेन रिले टक करून सुटला की मायनस काढा आणि मग दहा मिनिटं थांबा. चासीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, पिनांना बोट लावू नका. कपलरचा लिव्हर अडला तर जोर करू नका, तिरकं बसलंय. रबरी बुश जुने असतील तर नवे टाका. हादरे तेच पचवतात. हार्नेस कपलरच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, कपलरमध्ये जाणार नाही. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर १३ व्होल्टच्या वर देणारा सपोर्ट चार्जर हवाच. व्होल्टेज मध्येच पडून नवे ईसीएम निकामी होतात, ही सर्वांत टाळता येण्याजोगी चूक आहे.

प्रोग्रॅम झाल्यावर घरातल्या सगळ्या चाव्या एकाच वेळी शिकवून घ्या. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो, तो ज्या सिलिंडरचा त्याच जागी भरायचा. आजच साफ करून त्यांचे फोटो काढून ठेवा. चुकीचे कोड भरले तर आयडल थरथरतं, खडखड आणि धूर येतो, आणि बिचारे इंजेक्टर खराब ठरवले जातात. गाडीला काजळीचा फिल्टर असेल तर त्यातल्या राखेची नोंदही जुन्यातून नव्यात न्यावी लागते.

गाडी विकायचा विचार या दोषासाठी करू नका. बंद पडणारी गाडी विकली तर तुम्हाला पडेल भाव मिळेल, आणि कदाचित कारण एक गंजलेला बोल्ट असेल. आधी अर्धा दिवस मोजमाप, मग निर्णय.

आणि ईसीएम बदललाच, तर जुना डबा कुणालाही देऊ नका. नवी जोडणी त्याच खराब रस्त्यावर, तापलेल्या इंजिनानं, भरल्या मालासह दोन-तीन आठवडे बिनतक्रार चालेपर्यंत तो कोरड्या जागी, पिना झाकून ठेवा. बसवणाऱ्याला चावीचा किंवा इंजेक्टरचा डेटा पुन्हा लागला, तर तो त्यातूनच मिळेल.